देवमासे पाहायला श्रीलंकेला जाताय? आधी महिना ठरवा, मग किनारा

आपल्याकडे सहलीच्या तारखा शाळेच्या सुट्टीवरून ठरतात: दिवाळी, नाताळ, नाहीतर मे. श्रीलंकेत देवमासे पाहायचे असतील तर नेमका इथेच घोळ होतो. सगळे फोटो दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साचे असतात, म्हणून मे महिन्यात मिरिस्सा गाठावं, तर तिथल्या बोटी बहुधा बंदरात बांधलेल्या. नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी दक्षिण किनाऱ्यावरचा दर्या तोवर खवळलेला असतो. तेव्हा विमानाचं तिकीट सर्वांत शेवटी काढा.

महिना आणि किनारा

दक्षिणेला मिरिस्साचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही डिसेंबर ते मार्च उत्तम, म्हणजे नाताळची सुट्टी बरोबर बसते. दिवाळी जेमतेम हंगामाच्या तोंडाशी येते. तेव्हा जायचंच असेल तर देवमासा दिसला तर नफा, असं धरून जा.

मे महिन्याची सुट्टीच हाताशी असेल तर पूर्व किनाऱ्यावर त्रिंकोमालीला जा. दक्षिणेत पावसाळा असतो तेव्हा तिथला समुद्र शांत असतो. कोलंबोहून रस्त्याने पाच-सहा तास लागतात, पण वाटेत सिगिरियाचा कातळावरचा किल्ला आणि दांबुल्लाची लेणी पाहून होतात. त्रिंकोमालीत कोणेश्वराचं मंदिर समुद्रावर झुकलेल्या कड्यावर आहे. त्या कड्यावरूनही कधीकधी देवमाशाचा फवारा दिसतो, तेही फुकट.

वायव्येकडच्या कल्पिटियाला डिसेंबर ते एप्रिल या काळात डॉल्फिनचे मोठे कळप दिसतात, नशीब असेल तर स्पर्म व्हेलही. आपल्याकडे वर्तमानपत्रांत ज्याच्या ‘उलटी’च्या तस्करीच्या बातम्या येतात, तोच हा देवमासा.

मिरिस्साचं खरं आकर्षण म्हणजे निळा देवमासा. इथून जवळच दोंद्रा हे श्रीलंकेचं दक्षिण टोक आहे. तिथे किनाऱ्यालगतचा उथळ पट्टा फार अरुंद आहे, थोडं पुढे गेलं की समुद्र एकदम खोल होतो. खोल पाण्यातला प्राणी त्यामुळे सकाळच्या फेरीत गाठता येतो. सहसा मोठे देवमासे खाण्यासाठी ध्रुवाकडच्या थंड पाण्यात जातात. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डी व्होस यांना मात्र २००३ मध्ये इथे निळ्या देवमाशांची विष्ठा पाण्यावर तरंगताना दिसली. याचा अर्थ हे देवमासे इथल्या उष्ण पाण्यातच जेवत होते. पुढे याच देवमाशांचा अभ्यास हे त्यांचं काम झालं.

दोन सकाळी राखून ठेवा

मुंबईहून कोलंबोला थेट विमानाने अडीच तासांच्या आसपास लागतात. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. कोलंबो ते मिरिस्सा साधारण दीडशे किलोमीटर. द्रुतगती मार्गाने लवकर पोचाल, पण वेळ असेल तर कोलंबो फोर्ट स्टेशनहून मिरिस्साशेजारच्या वेलिगामाची रेल्वे पकडा. बराच वेळ समुद्र रुळांना खेटून असतो.

कोलंबोहून मध्यरात्री निघून पहाटे बोटीवर चढवणारी पॅकेजं मिळतात. ती घेऊ नका. जागरण झालेल्या माणसाला बोट हमखास लागते. मुक्काम मिरिस्सा किंवा वेलिगामात करा आणि बोटीचा बेत पहिल्याच सकाळी ठेवा. वारा असला किंवा देवमासा दिसलाच नाही, तर दुसरी सकाळ हातात राहते. दिसला तर ती जवळच्या गॉल शहरातल्या किल्ल्याला द्या. शनिवार-रविवार आणि पौर्णिमा टाळा. दर पौर्णिमेला तिथे पोया नावाची सार्वजनिक सुट्टी असते आणि किनाऱ्यावर गर्दी होते.

बोट निवडताना

भावापेक्षा बोट देवमाशाजवळ कशी जाते, याची चौकशी करा. कमीत कमी शंभर मीटर अंतर ठेवायला हवं. चांगला नाखवा बाजूने, संथपणे जातो. समोरून बोट आडवी घालत नाही की मागून पिटाळत नाही. ‘अगदी जवळ नेतो’ अशी हमी देणाऱ्याला मी तरी नमस्कार करून पुढे जाईन. दहा बोटींनी घेरलेला देवमासा लगेच बुडी मारतो, मग जवळ जाऊन पाहणार काय? लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळणार का, स्वच्छतागृह आहे का आणि काहीच न दिसल्यास दुसरी फेरी मिळते का, हेही पैसे देण्याआधी विचारा. पुष्कळ बोटवाले दुसरी फेरी देतात.

दूरवर मालवाहू जहाजांची रांग दिसेल. जगातला एक अतिशय वर्दळीचा सागरी मार्ग इथूनच जातो आणि जहाजांच्या धडकेने देवमासे मरतात. एमएससी या मोठ्या जहाज कंपनीने २०२२ मध्ये आपली जहाजं आणखी दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली.

बोट लागू नये म्हणून

बोटी सकाळी सहा-साडेसहाला सुटतात आणि फेरीला चार-पाच तास लागतात. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी, तीही निघण्याच्या तासभर आधी. मळमळायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. रिकाम्या पोटी जाऊ नका, भरपेटही नको. दोन बिस्किटं, एखादं केळं पुरे. आलेपाकाच्या वड्या खिशात असू द्या. वरचा डेक फोटोसाठी छान, पण तोच जास्त डोलतो. त्रास होणाऱ्याने खाली, बोटीच्या मध्यावर, डिझेलच्या धुरापासून लांब बसावं आणि नजर क्षितिजावर ठेवावी. मोबाइलमध्ये डोकं घातलं की संपलं.

पाण्यावर

बोटीवरचा माणूस ओरडेल, ‘इलेव्हन ओ क्लॉक!’ बोटीचं नाक म्हणजे बारा. त्या हिशोबाने अकरा म्हणजे किंचित डावीकडे. तिथे पाठ शोधू नका, फवारा शोधा. निळ्या देवमाशाचा फवारा सरळ, उंच, दोन-तीन मजली घराएवढा. फवारा बुटका, पुढे आणि डावीकडे कललेला असेल तर तो स्पर्म व्हेल. निळा देवमासा असेल तर फवाऱ्यामागून लांबच लांब निळसर-राखी पाठ सरकत राहते आणि अगदी शेवटी, शेपटीजवळ, इवलासा पर दिसतो.

तो लागोपाठ काही श्वास घेतो, मग पाठीची कमान करतो. कॅमेरा तेव्हाच उचला, कारण पाठोपाठ शेपटी वर येऊ शकते. ती गेली की पाण्यावर तेल सांडल्यासारखा गुळगुळीत गोल डाग उरतो. सगळे त्या डागाकडे बघत बसतात, पण देवमासा वर येतो तो दहा-बारा मिनिटांनी आणि भलतीकडेच. बोटीवरचा नाश्ता उरकायला हीच वेळ बरी.