जॉ क्रशरची ठकठक अखेर थांबली

आमच्या खाणीतला जॉ क्रशर (दोन जबड्यांत दगड चिरडणारं यंत्र) रिकामा चालतानाही मागून ठकठक वाजायचा. जबड्याच्या प्लेटचे बोल्ट आवळले, बेअरिंगला ग्रीस दिलं, पट्टे ताणले, फरक शून्य. चार दिवस डोकं उठलं होतं.

दोष टेन्शन रॉडच्या, म्हणजे हलता जबडा मागे ओढून धरणाऱ्या सळईच्या, स्प्रिंगमध्ये निघाला. शिम (जाडी भरायच्या पट्ट्या) काढून माल बाहेर पडायचं खालचं तोंड मोठं केलं तेव्हा ती ढिली पडली, आणि पुन्हा ताणायची राहिली.

आधी माल बंद करून जबडा रिकामा केला. मेन स्विच पाडून कुलूप लावलं. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत हात लावला नाही. टॉगल प्लेटच्या (हलत्या जबड्याला मागून टेकू देणारी प्लेट; स्प्रिंग ढिली की तीच आपटते) बैठकीत काळ्या दगडाची भुकटी घट्ट बसली होती, ती खरवडून काढली. मग नट फिरवून स्प्रिंग मॅन्युअलमधल्या लांबीइतकी दाबली (जास्त दाबली तर रॉड तुटू शकतो), लॉकनट आवळला. रिकामा चालवून पाहिला, आवाज गेला.