कॅलिफोर्नियाच्या बॅलटवर सुप्रीम कोर्टाच्या जजचं नाव आलं की काय करायचं

सिटिझन झाल्यावर पहिल्यांदा बॅलट घरी आलं तेव्हा मी डायनिंग टेबलवर पसरून बसले, गव्हर्नर वगैरे पटापट झालं आणि मग आलं की राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या अमुक जस्टिसना पदावर निवडायचं का, हो की नाही. समोर दुसरा उमेदवार नाही, पक्षाचं नाव नाही. भारतात जजसाठी कुणी मत मागत नाही, त्यामुळे काही सुचेचना, कोरं सोडून दिलं. ते चुकलंच माझं, म्हणून ज्यांची पहिली वेळ आहे त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी हे समजून घ्या की नेमणूक गव्हर्नर करतो. किमान १० वर्षं वकिली किंवा जजगिरी झालेली लागते, स्टेट बारचं, म्हणजे राज्याच्या वकिलांच्या संस्थेचं, कमिशन माणसाची चौकशी करतं, मग तिघांची समिती शिक्कामोर्तब करते. आपल्याकडे येतो तो शेवटचा होकार. नेमणुकीनंतरच्या गव्हर्नरच्या निवडणुकीत एकदा, आणि पूर्ण टर्म असते १२ वर्षांची. कोर्टात एकूण ७ जण, त्यामुळे प्रत्येक नाव महत्त्वाचं आहे.

आता कामाला लागा. सरकारकडून जे जाडं व्होटर गाईड येतं ते रद्दीत टाकू नका, त्यात जजची थोडक्यात माहिती असते. ती वाचताना माणूस कुठून आलाय ते बघा. पॅट्रिशिया ग्युरेरो इम्पीरियल व्हॅलीतल्या, सरकारी वकील, मग सॅन डिएगोचं सुपीरियर कोर्ट (नाव मोठं, पण हे काउंटीचं खालचं कोर्ट), अपील कोर्ट, असं पायरी पायरीने चढून २०२३ ला चीफ जस्टिस झाल्या. गुडविन लिऊ मात्र बर्कलीचे प्रोफेसर, फेडरल कोर्टावरचं नॉमिनेशन सिनेटमध्ये अडकलं आणि २०११ ला थेट इथे आले, आधी जज नव्हतेच. मला दोन्ही रस्ते चालतात, पण त्या माणसाने आधी कुणासाठी काम केलंय हे माहीत असावं.

मग खरं काम, निकाल वाचणं. कोर्टाच्या साइटवर फुकट मिळतात, सोमवारी आणि गुरुवारी सकाळी १० ला नवे येतात. घाबरू नका, सगळं वाचायचं नाहीये. पहिली दोन पानं वाचा, केस काय आणि कोर्ट काय म्हणतंय ते तिथेच असतं, आणि मग सरळ शेवटाकडे जा. तिथे सहमत असलेल्यांची नावं एकाखाली एक असतात, आडनावापुढे जे., चीफ असेल तर सी. जे. कुणाचं वेगळं मत असेल तर ते पुढे जोडलेलं असतं. ते जरूर वाचा, एकटं पडून लिहिताना माणूस कळतो. तीन-चार निकाल पुरे, पण वेगवेगळ्या विषयांचे घ्या, एक घरभाड्याचा, एक नोकरीचा, एक फौजदारी.

एकाच विषयावरून ठरवू नका असं मी कळकळीने सांगते, कारण १९८६. रोझ बर्ड, राज्याच्या पहिल्या महिला चीफ जस्टिस, त्याआधी सांता क्लारा काउंटीत गरीब आरोपींच्या सरकारी वकील. फाशीच्या ६४ केसेस समोर आल्या आणि ६४ मध्ये त्यांनी फाशी रद्द करायच्या बाजूने मत दिलं. प्रचार सगळा त्यावरच झाला आणि त्या हरल्या, सोबत क्रूझ रेनोसो आणि जोसेफ ग्रोडिनही गेले. फाशीबद्दल तुमचं मत काहीही असो, पण बाकीचे निकाल किती जणांनी उघडून पाहिले असतील? नंतर बर्ड ईस्ट पालो आल्टोच्या एका लीगल क्लिनिकमध्ये झेरॉक्स काढून द्यायच्या, हे वाचलं तेव्हा मला गलबलून आलं होतं.

आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून हो, परकं वाटलं म्हणून नाही, असं अजिबात करू नका. आणि सुपीरियर कोर्टाच्या जजची निवडणूक वेगळी असते, तिथे दोन उमेदवार समोरासमोर असू शकतात, गोंधळ करू नका.

सगळं झालं की पाकिटावर सही करा, तिकीट लावायला लागत नाही, आणि सही नसेल तर मत मोजत नाहीत.