जीवाश्म प्राण्यांवरून ट्रायासिक थरांचे वय कसे ठरवावे

मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टखाली दडलेला असल्यामुळे येथील भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला ट्रायासिक थर पाहायचे असतील, तर नांदेडहून किनवट, आदिलाबाद ओलांडून तेलंगणातील प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात जावे लागते. ट्रायासिक कालखंड सुमारे २५ कोटी २० लाख ते २० कोटी १० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या उत्तरार्धात साचलेले, या खोऱ्यातील मालेरी नावाच्या थरसमूहाचे तांबडे पंकाश्म (चिखल घट्ट होऊन झालेले खडक) या अभ्यासासाठी फार चांगले आहेत.

हाड दिसले की लगेच उचलू नये. आधी थर खालून वर मोजून त्यांची जाडी, रंग व खडकाचा प्रकार वहीत नोंदवावा आणि मगच हाड नेमके कोणत्या थरात रुतलेले आहे ते लिहावे. उतारावर सुटे पडलेले हाड वरच्या कोणत्याही थरातून घरंगळलेले असू शकते, म्हणून त्यावर वय ठरवू नये. मालेरीत चुन्याच्या खड्यांचे पट्टेही आहेत. त्यांतील झिजलेली, गोलसर हाडे प्रवाहाने आणलेली असल्यामुळे त्यांच्याकडे संशयानेच पाहावे.

पुढे प्राण्याची निवड. जो थोडाच काळ जगला, दूरवर पसरला आणि तुकड्यावरूनही ओळखता येतो, तोच उपयोगी. सेराटोडस या फुप्फुसमाशाच्या दंतपट्टिका मालेरीत मिळतात, परंतु हे मासे फार दीर्घकाळ टिकल्याने त्यांच्यावरून काळाची मर्यादा आखता येत नाही. हायपेरोडॅपेडॉन मात्र आदर्श आहे. या चोचीच्या शाकाहारी सरीसृपाच्या वरच्या जबड्यात दातांच्या अनेक ओळी असतात, त्यांच्यामधून एक खोल खाच जाते आणि खालच्या जबड्याची धार त्या खाचेत बसते. जबड्याचा बोटभर तुकडा मिळाला तरी ही रचना भिंगाखाली स्पष्ट दिसते. हाच प्राणी स्कॉटलंड, ब्राझील व अर्जेंटिनातही सापडला असल्यामुळे त्या ठिकाणांच्या थरांशी मालेरीची तुलना करता येते.

एकाच प्राण्यावर भिस्त ठेवणे मला धोक्याचे वाटते. प्रत्येकाचा ज्ञात कालावधी आडव्या रेषेने कागदावर काढावा. सर्व रेषा जेथे एकमेकींवर येतात, तो थराचा संभाव्य काळ. खालच्या मालेरीत हायपेरोडॅपेडॉन, पॅरासुकस हा मगरीसारखा दिसणारा सरीसृप आणि पँथासॉरस हा मोठा उभयचर एकत्र मिळतात, त्यावरून ते थर कार्नियन, म्हणजे उत्तर ट्रायासिकच्या पहिल्या टप्प्याचे ठरतात. वरच्या मालेरीत हायपेरोडॅपेडॉन नाही, तर लांब मानेच्या डायनोसॉरांचे आद्य नातलग आहेत. म्हणून ते थर नोरियन, म्हणजे त्यानंतरच्या टप्प्याचे मानले जातात. केवळ एखादा प्राणी सापडला नाही एवढ्यावर असा निष्कर्ष काढू नये, त्याच्या जागी नवे प्राणी आलेले दिसले पाहिजेत.

हे सारे सापेक्ष वय झाले, म्हणजे कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा एवढेच. वर्षांचा आकडा ज्वालामुखीच्या राखेतील झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांमधील युरेनियमच्या ऱ्हासावरून मिळतो. अर्जेंटिनातील इस्चिगुआलास्तो या थरसमूहाच्या तळाजवळील राखेचे वय सुमारे २३ कोटी १० लाख वर्षे आहे, आणि तेथेही हायपेरोडॅपेडॉन असल्याने तो आकडा मालेरीसाठी आधार म्हणून घेता येतो. सागरी थरांत हे काम कोनोडोंट (ईलसारख्या लहान सागरी प्राण्यांचे दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म) व अमोनॉइड (शंखधारी, माखल्यांचे नातलग) अधिक बारकाईने करतात; ट्रायासिकचा प्रारंभच चीनमधील मेइशान येथे हिंडेओडस पार्वस या कोनोडोंटच्या प्रथम आगमनावरून निश्चित केला आहे. मालेरी मात्र नदीच्या गाळाची असल्याने तेथे ही सागरी मोजपट्टी थेट लावता येत नाही. म्हणून अहवालात आधी टप्प्याचे नाव आणि त्यामागील प्राण्यांची यादी द्यावी, वर्षांचा आकडा त्यानंतर ‘सुमारे’ म्हणून लिहावा आणि तो कोठल्या राखेवरून घेतला हेही नमूद करावे.