रानबोरी फळावरून ओळखताना

कोकणात सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर, दगडी गडग्याकडेला, पाणंदीत वाढणाऱ्या बोरीच्या भाईबंदांना, म्हणजे झिझिफस प्रजातीतल्या झुडपांना, काटे असतात, पानात देठापासूनच तीन ठळक शिरा निघतात आणि बहुतेकांच्या पानांची पाठ लवदार असते. त्यामुळे नुसत्या पानावर जात ठरवायला गेलं की घोटाळा होतो. फळ घ्या, आणि फळातली आठळी नीट बघा.

एका झुडपाची आठ-दहा पिकलेली फळं काट्यापानांच्या डहाळीसकट एका कागदी पिशवीत ठेवा. दोन झुडपांची फळं एकत्र करू नका. रंग तिथेच टिपून घ्या, वाळल्यावर सगळीच तपकिरी दिसतात. फळं रात्रभर भिजवा, गर काथ्याने घासून काढा, आठळ्या दोन दिवस सावलीत वाळवा. गर चिकटून राहिला तर किनाऱ्यावरच्या दमट हवेत हमखास बुरशी धरते.

आता आठळी मधोमध आडवी कापा. तोरण नावाच्या रानबोरीच्या आठळीचं पातळ कवच आडकित्त्याने सहज कापलं जातं. बोराची आठळी मात्र त्याने वेडीवाकडी फुटते. तिला बारीक दात्यांची करवतच हवी. मोजायचे ते कप्पे, बिया नव्हेत. बोराच्या दोनपैकी एक बी पुष्कळदा भरलेलीच नसते, पण तिचा रिकामा कप्पा फटीसारखा दिसतो. इथेच जास्त जण चुकतात.

तीन कप्पे, दोन-तीन सेंटिमीटरचं लाकडासारखं टणक फळ, गर जवळजवळ नाहीच: घटबोर. दोन कप्पे आणि खडबडीत आठळी: साधं बोर. बागेतल्या कलमी बोराचं फळ कितीही मोठं असलं तरी कप्पे दोनच, म्हणून आकारावर भिस्त ठेवू नका. एकच कप्पा असेल तर तोरण किंवा बुरगी. तोरण पिकल्यावर पांढरं होतं, एप्रिल-मेमध्ये मिळतं आणि लांब तुऱ्यावर लागतं. बुरगी वाटाण्याएवढी, काळी, चकचकीत. पानांच्या बगलेत तिचे छोटे झुपके असतात.

घाट चढून देशावरच्या कोरड्या माळावर गेलात तर गुडघ्या-कमरेएवढी, दाट लोकरीच्या गोल पानांची झिझिफस न्युम्युलॅरिया भेटेल. तिची फळं जेमतेम सेंटिमीटरभर, तांबडी. खुरटलेल्या बोरीची फळंही तशीच दिसतात, तेव्हा इथे पानाच्या वरच्या बाजूवर बोट फिरवा: बोरीचं पान वरून गुळगुळीत लागतं, हिचं वरूनही लवदार.