उडीसाठी माउंटन बाइकचे पेडल कसे निवडावे

उडी मारताना स्वार सीटवरून उठलेला असतो, त्यामुळे सायकलशी त्याचा संबंध दोन्ही हात आणि दोन्ही तळपाय एवढ्यापुरताच उरतो आणि जमिनीवर उतरतानाचा बहुतेक भार पेडलवरच येतो. नव्या सायकलबरोबर मिळणारे प्लास्टिकचे गुळगुळीत पेडल नागपुरातल्या सिव्हिल लाइन्सच्या सकाळच्या फेरीला पुरते. परंतु सेमिनरी हिल्सच्या उतारावर किंवा गोरेवाड्याकडच्या मुरमाड वाटांवर उड्यांचा सराव करायचा असेल, तर फोर्क (पुढचे चाक धरणारा चिमटा) किंवा टायर बदलण्याच्याही आधी पेडल बदलावे.

पहिला प्रश्न सपाट पेडल घ्यावे की बूट अडकवण्याचे, हा असतो. शिमानोने १९९० मध्ये आणलेल्या एसपीडी पद्धतीत बुटाच्या तळाची क्लीट (धातूचा छोटा तुकडा) पेडलमध्ये अडकते आणि पाय वर ओढला की सायकलही उचलली जाते. शिकणाऱ्याला हे सोयीचे वाटते, पण त्यातूनच चुकीची सवय लागते. सपाट पेडलवर सायकल उचलण्यासाठी पंजे खाली झुकवून पेडल मागे आणि वर रेटावे लागते, आणि उडीचे खरे तंत्र तेच आहे. शिवाय उडी फसली तर पाय तत्काळ मोकळा होतो. म्हणून नवशिक्याने सपाट पेडलच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. क्लीटची पद्धत वाईट नाही. तिची वेळ नंतर येते.

सपाट पेडलमध्ये सर्वाधिक लक्ष पिनांकडे, म्हणजे बुटाचा तळ पकडून ठेवणाऱ्या छोट्या खिळ्यांकडे द्यावे. पिना धातूच्या आणि बदलता येण्याजोग्या हव्यात. साच्यातच ओतलेले प्लास्टिकचे उंचवटे काही दिवसांत झिजतात. काही पेडलमध्ये पिन वरून फिरवून बसवलेली असते आणि ॲलन कीचे (षटकोनी चावीचे) भोक तिच्या डोक्यावर असते. दगडावर आपटून ते भोक चेपले की पिन निघता निघत नाही. याउलट जी पिन मागच्या बाजूने घातलेली असते, ती वाकली किंवा तुटली तरी मागूनच सोडवता येते. दुकानात पेडल उलटून ही गोष्ट अवश्य पाहावी. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाच्या तळाला थरांनी चिकटते, तेव्हा आखूड पिना निरुपयोगी ठरतात. ४ ते ५ मिलिमीटर उंचीच्या पिना आणि चिखल खाली पडू देणारा, मधून मोकळा सांगाडा असलेले पेडल इथे उपयोगी पडते. अशा पिना नडगी सोलवटू शकतात, त्यामुळे शिनगार्ड वापरावेत.

त्यानंतर पेडलचा आकार पाहावा. पुढची व मागची कड उंच आणि मधला भाग किंचित खोलगट असेल, तर पाय आपोआप त्यात बसतो. मधला भाग आसामुळे फुगलेला असेल, तर पाय त्याच्यावर डुगडुगतो. साधारण १०० ते ११० मिलिमीटर लांबी-रुंदी बहुतेकांना पुरते, मोठ्या पायांसाठी त्याहून मोठे पेडल घ्यावे. खात्री करण्याचा सोपा मार्ग असा की, सरावाचेच बूट घालून दुकानात जावे, सायकल कोणाला तरी घट्ट धरायला सांगून दोन्ही पेडल समपातळीत ठेवून उभे राहावे आणि टाच बाहेर वळवून पाहावी. पाय घसरत असेल, तर ते पेडल घेऊ नये. बुटाचा तळ सपाट आणि मऊ रबराचा हवा, कारण धावण्याच्या बुटाच्या नक्षीदार तळात पिनांना धड पकड मिळत नाही.

आस क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त) पोलादाचा असावा. अति पातळ पेडल दिसायला सुबक असते, पण त्यात बेअरिंगला जागा कमी उरते. उड्यांसाठी मी थोडे जाड पेडलच पसंत करीन. सुट्या छर्‍यांपेक्षा सीलबंद बेअरिंग धुळीत आणि चिखलात अधिक टिकतात. आस हाताने आडवा हलवून पाहावा. नव्या पेडलमध्ये खुळखुळ जाणवता कामा नये. फिरवताना किंचित जड लागले, तर तो दोष नव्हे.

सांगाडा ॲल्युमिनियमचा की नायलॉनचा, यावर फार खल करू नये. नायलॉन स्वस्त असते आणि दगडावरून घसरून जाते, ॲल्युमिनियम अधिक वर्षे टिकते. सुरुवातीला चांगल्या पिनांचे नायलॉन पेडल पुरेसे आहे. वजनातील थोडासा फरक उडीत जाणवत नाही.

बसवताना आट्यांना ग्रीस लावावे. बहुतेक माउंटन बाइकच्या क्रँकला (पेडल ज्यात बसते त्या दांड्याला) ९/१६ इंचाचे आटे असतात, मुलांच्या काही सायकलींना १/२ इंचाचे. खरेदीपूर्वी हे तपासावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते घड्याळाच्या उलट दिशेने घट्ट होते. सुरुवातीचे दोन-तीन फेरे हातानेच द्यावेत, कारण आटे वाकडे बसले तर क्रँकच बदलावा लागतो. मग पान्याने ३५ ते ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळावे आणि पहिल्या सरावानंतर पेडल व पिना दोन्ही पुन्हा आवळून घ्याव्यात.