उडीआधी घोडा पळत सुटतो? या चुका टाळा

"लई दम आहे घोड्यात. दांडा दिसला की थांबायचं नाव नाही!" बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग-अथणीकडून घोडा आणलेला माणूस असं कौतुकानं सांगू लागला, की मी आधी घोड्याकडे बघतो. डोळ्याची पांढरी कड दिसते, शेपूट आवळलेली असते, मान वर, आणि उडीचा आडवा दांडा जवळ येईल तशा ढांगा आखूड आणि भरभर पडतात. हा दम नव्हे. घोडा भ्यालाय, आणि ती उडी एकदाची संपवून टाकायची त्याला घाई झाली आहे. उडीसमोर अडणारा आणि उडीकडे उधळणारा, दोघांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: भीती नाहीतर दुखणं.

म्हणून सरावाआधी दुखणं तपासा. पाठीवरून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत न्या. घोडा पाठ खाली घेतो का, कातडं थरथरवतो का? खोगीर मानेच्या बुडाशी असलेल्या उंच हाडावर टेकतंय का? दाढांना धार आली आहे का? नाल कधी बदलला? यातलं काही निघालं तर दांडे बाजूला ठेवा आणि पशुवैद्याला, नालबंदाला बोलवा. चार वर्षं पूर्ण न झालेल्या घोड्याला तर उडी शिकवूच नये. पाठीच्या कण्याची वाढ साधारण साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालते.

दोन्ही हातांनी लगाम ओढून धरणं

आपल्याकडची ही सगळ्यात मोठी चूक, कारण इथले कितीतरी घोडे घोडागाडीच्या शर्यतीतून येतात. लगाम ताठ झाला, मागून आरडाओरडा झाला की जीव तोडून पळायचं, एवढंच त्याला शिकवलेलं असतं. आता तोच घोडा दांड्याकडे जाताना तुम्ही घाबरून दोन्ही हातांनी लगाम ओढता. तुमच्या लेखी ते 'थांब', त्याच्या लेखी 'पळ'. तो लगामावर भार टाकतो, तुम्ही आणखी ओढता. मग कुणीतरी कडक काटेरी लगाम घालायला सांगतं. त्यानं तोंड दुखतं आणि भीती वाढते.

ओढ द्या आणि लगेच सोडा. पुन्हा ओढ, पुन्हा सोड. भार टाकायला त्याला काही मिळता कामा नये. वीस मीटरचं वर्तुळ धरा, त्यावर एकच दांडा जमिनीवर ठेवा आणि दुडक्या चालीत फिरा. वेग वाढला की दांडा सोडून आतून लहान वर्तुळ घ्या. श्वास लांबला, मान खाली आली, फुरफुरला, की दांड्यावरून जाऊ द्या. मात्र वळायचं ते सहा-सात ढांगा आधीच ठरवा. अगदी तोंडाशी जाऊन वळवलंत, तर उडी चुकवून बाजूनं निसटायचं तुम्हीच त्याला शिकवता.

अंतर पुस्तकातलं धरणं

दुडक्या चालीसाठी जमिनीवर ओळीनं ठेवलेल्या दांड्यांमधलं अंतर साडेचार फूट असं छापलेलं असतं. ते सोळा हात उंचीच्या थरोब्रेडसाठी, म्हणजे रेसकोर्सवर पळणाऱ्या उंच जातीसाठी. हात म्हणजे चार इंच. आपल्या दख्खनी भीमथडी जातीचा घोडा तेरा हातांच्या आसपासचा. त्याला साडेतीन ते पावणेचार फूट पुरतं. अंतर जास्त झालं की तो धापा टाकत ढांग ताणतो, आणि आपण म्हणतो घोडा घाई करतो! मोजपट्टी ठेवाच, पण शेवटी खुणा बघा: टाप दोन दांड्यांच्या बरोबर मध्ये पडली पाहिजे.

मग छोटी फुली, म्हणजे एकमेकांवर तिरके टेकवलेले दोन दांडे, मध्ये जेमतेम एक-दीड फूट उंच. उडीच्या अलीकडे जमिनीवर एक दांडा ठेवा, मोठ्या घोड्यासाठी आठ-नऊ फुटांवर, लहानासाठी सात-साडेसात. उडी कुठून घ्यायची हे तो दांडाच सांगतो, तुम्हाला ढकलावं लागत नाही. एका वेळी आठ-दहा उड्या, आठवड्यातून दोनदा. बास.

आपल्या डोळ्यांनी दांडा बघणं

घोड्याला निळा आणि पिवळा नीट कळतो. तांबडा-केशरी आणि हिरवा यांत त्याचा गोंधळ होतो. हिरव्या गवतावर तांबडा दांडा आपल्याला उठून दिसतो, त्याला नाही. पांढरा, पिवळा किंवा निळा रंग लावा. शिवाय कपाळासमोर अगदी जवळचं त्याला दिसत नाही, म्हणून अंतर जोखायला त्याला मान वर-खाली करावी लागते. ती मान आवळून धरणारा स्वार घोड्याला आंधळं करतो. जुना रिकिबीचा पट्टा गळ्यात बांधा आणि उडीत लगामाऐवजी तो पकडा. नाहीतर आयाळ धरा. हवेत तोंडाला बसलेला एक झटका घोडा महिनोन्महिने विसरत नाही.

जमीन न बघणं

उतरताना सगळं वजन आधी पुढच्या पायांवर येतं. खानापूर-बेळगावकडची तांबडी माती पावसाळ्यात निसरडी, दिवाळीनंतर दगडासारखी; अथणीकडचं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं. चार दिवस कडक जमिनीवर उड्या घेतलेला घोडा पाचव्या दिवशी अडला, तर त्याला हट्टी म्हणू नका. उडीच्या दोन्ही बाजूंना माती खणून भुसभुशीत करा, वाळू टाका.

आवाजाची सवय न लावणं

चिकोडी तालुक्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व दरवर्षी चालत आळंदीला माउलींच्या पालखीसाठी जातात आणि टाळ-मृदंगाच्या गजरात, लाखोंच्या गर्दीत रिंगण धावतात. रस्त्यानं इतके दिवस चाललेला घोडा गर्दी बघून बुजेल कसा? आपण मात्र तबेल्यामागच्या शांत पट्टीत सराव करतो आणि थेट स्पर्धेच्या मैदानावर नेतो. ऊस तोडणीच्या दिवसांत गाणी लावलेले ट्रॅक्टर रस्त्यानं जातात, तेव्हा घोड्याला हातात धरून लांब उभे राहा. रोज थोडं जवळ.

माझ्या घोडीला मी तिसऱ्याच आठवड्यात अडीच फुटांवर नेलं होतं. ती पडली नाही, पण त्यानंतर दांडा बघून घामेजायची. मी परत जमिनीवरच्या एका दांड्यावर आलो. सहा आठवडे उडी नाही. एका सकाळी ती फुलीवरून सावकाश गेली आणि पलीकडे मी न सांगता संथ चालीवर आली. मी तिथंच उतरलो, तंग सैल केला आणि तिला चालवत चंदीकडे नेलं.