मानाची खुर्ची पुरत नाही: गावाच्या कारभारात ज्येष्ठांना सामील करताना या चुका टाळा

ओढ्यावर पूल बांधायचा होता, त्यासाठी गावाची बैठक भरली. सर्वांत वयस्कर आजोबांना पहिल्या रांगेत बसवलं, सुरुवातीला त्यांचं नाव आदराने घेतलं, आणि पुढचे दोन तास त्यांना कुणी एक प्रश्नही विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेले. पुलाच्या जागी खुंट्या ठोकल्या होत्या. आजोबा तिथे थांबलेच नाहीत. काठ चढून वर गेले, एका काळ्या दगडावर काठी टेकवली आणि म्हणाले, "पाणी इथवर येतं. दरवर्षी नाही, पण येतं." तो दगड आराखड्यातल्या पुलापेक्षा हातभर उंचावर होता.

ती बैठक घेणाऱ्यांत मीही होते, म्हणून हे लिहिते आहे. गावात म्हाताऱ्या माणसांचा उघड अपमान सहसा कुणी करत नाही. आपण त्यांना मान देतो आणि त्या मानाआडच त्यांना कारभारातून बाजूला सारतो. खालच्या बहुतेक चुका याच सवयीतून होतात.

सगळं ठरल्यावर मत विचारणं

अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणं ही तिसरी पायरी, मत विचारणं चौथी, समितीत नावापुरती जागा देऊन समाधान करणं पाचवी. या तिन्ही पायऱ्यांवरचा सहभाग त्यांनी देखाव्याचा ठरवला. निर्णयातला खरा वाटा सहाव्या पायरीवर, म्हणजे भागीदारीपासून, मिळायला लागतो. आमची पुलाची बैठक तर चौथ्या पायरीवरही पोहोचली नव्हती.

आराखडा हातात नसतानाच ज्येष्ठांना बोलवा. "असा पूल बांधतोय, कसा वाटतो?" या प्रश्नाला भिडस्त माणूस "छान आहे" एवढंच म्हणणार. "पावसाळ्यात पलीकडे जायचं कुठे अडतं?" असं विचारलं की तोच माणूस अर्धा तास बोलतो. काय आधीच ठरलंय आणि काय अजून ठरायचंय, हेही पहिल्याच मिनिटाला सांगा. पैसे फक्त रस्त्यासाठी मंजूर झाले असतील तर तसं स्पष्ट सांगा. नाहीतर लोक दवाखान्याबद्दल जीव तोडून बोलतील, हाती काही लागणार नाही आणि पुढच्या बैठकीला येणार नाहीत. त्यात त्यांची काही चूक नसेल.

त्यांच्या आठवणींना नुसत्या जुन्या गोष्टी समजणं

इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर १९०७ साली त्सुनामी आली होती. तिथल्या वडीलधाऱ्यांनी ती हकिगत पुढच्या पिढ्यांना सांगत ठेवली: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा. त्या लाटेला त्यांच्या बोलीत 'स्मोंग' म्हणतात. २६ डिसेंबर २००४ रोजी नेमकं तसंच घडलं. भूकंपाचं केंद्र जवळ होतं, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा नव्हती, तरी सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर सातच माणसं दगावली. नातवंडांना सांगितलेल्या एका गोष्टीने अख्खं बेट वाचवलं.

एवढी मोठी आपत्ती सगळीकडे येत नाही, पण हळूहळू होणारे बदल प्रत्येक गावात होतात आणि ते तरुण डोळ्यांना दिसत नाहीत. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये हे मासेमारीच्या बाबतीत दाखवून दिलं: प्रत्येक नवी पिढी आपण काम सुरू केलं तेव्हा जे दिसलं त्यालाच मूळ स्थिती समजते. तिशीतल्या माणसाला वाटतं, ओढा उन्हाळ्यात आटायचाच. ऐंशीच्या आजींनी त्याच ओढ्यात उन्हाळ्यात कपडे धुतलेले असतात.

इथे प्रश्न कसा विचारता त्यावर सारं अवलंबून आहे. "पूर्वी कसं होतं?" असं मोघम विचारलंत तर "पूर्वी सगळं चांगलं होतं" असं मोघम उत्तर येईल. त्याऐवजी आठवणीला एखादी खुंटी द्या: "तुमचं लग्न झालं त्या वर्षी पाणी कुठून आणायचात? थोरला मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा ही वाट होती का?" साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांतल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत ठळक राहतात, हे मानसशास्त्रात अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. तेव्हा समोरच्याचं वय बघून त्या काळाबद्दल आधी विचारा. खडू, काड्या, खडे घेऊन जमिनीवरच गावाचा नकाशा काढायला सांगा. कागद आणि पेन पुढे केलं की ज्यांना लिहिता येत नाही ते मागे सरतात. जमिनीवरच्या नकाशाभोवती सगळे वाकतात आणि एकमेकांना दुरुस्त करतात.

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर? वयाने मोठा कोण, यावर निकाल लावू नका. दोघांना घेऊन त्या जागेवर जा. पाय तिथे लागले की खूप काही आठवतं: तोडलेल्या झाडाचं खोड, जुन्या भिंतीचा पाया. मग जमिनीच्या नोंदी, जुने फोटो यांच्याशी ताडून बघा. स्मरण चुकू शकतं, माझंही चुकतं. म्हणून काळ्या दगडाची गोष्ट ऐकल्यावरही आम्ही पुराच्या नोंदी काढायला लावल्या. आजोबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, आपलं बोलणं कुणीतरी तपासण्याइतकं मनावर घेतलं, याचं त्यांना समाधान होतं.

सगळे ज्येष्ठ म्हणजे एकच गट, असं धरून चालणं

साठीचा माणूस आणि नव्वदीचा माणूस यांच्यात तीस वर्षांचं अंतर असतं, म्हणजे आई आणि लेकीएवढं. जमीन असलेला, नसलेला. जन्मापासून इथेच असलेला, आणि उभी नोकरी शहरात करून परत आलेला. एकटी राहणारी विधवा, आणि भरल्या घरातली आजी. ज्येष्ठांचे प्रतिनिधी म्हणून मात्र तेच तीन पुरुष येतात, ज्यांना बोलायची सवय आहे आणि ज्यांची मुलं गावात वजन राखून आहेत.

एका घरात मी आजींना विचारलं, "तुम्ही दवाखान्यात का जात नाही?" उत्तर यजमानांनी दिलं: "तिला काही होत नाही, ती धट्टीकट्टी आहे." आजी गप्प. नंतर त्या मला सोडायला कोपऱ्यापर्यंत आल्या आणि गुडघ्याच्या वर हात धरून म्हणाल्या, "बसची पहिली पायरी एवढी उंच. मागून कुणीतरी ढकलावं लागतं. लाज वाटते." आमच्या सर्वेक्षणात बस आहे की नाही एवढाच प्रश्न होता आणि उत्तर होतं, "आहे".

म्हाताऱ्या बायकांशी वेगळं बसून बोला, त्यांच्या सोयीच्या जागी, हातातलं काम चालू असताना. जे घराबाहेर पडू शकत नाहीत त्यांच्याकडे स्वतः जा. गावातली ज्येष्ठांची यादी समोर ठेवा आणि आजवर ज्यांच्याशी कुणीच बोललेलं नाही त्यांच्या नावापुढे खूण करा. पुढच्या आठवड्याचं काम तिथूनच सुरू होतं.

ऐकू न येणाऱ्या बैठका

साठीच्या वरच्या दर चार माणसांमागे एकाहून थोड्या अधिक जणांना अडचण व्हावी इतकं कमी ऐकू येतं, असं जागतिक आरोग्य संघटनेची आकडेवारी सांगते. वयाबरोबर आधी उंच पट्टीचे आवाज जातात, त्यामुळे 'स', 'फ' अशी व्यंजनं पुसट होतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. असा माणूस मान डोलावतो, आणि आपण ती संमती समजतो.

त्यामुळे ओरडू नका, सावकाश आणि समोर बघून बोला. एका वेळी एकच बोलेल असं बघा. घुमणाऱ्या मोठ्या सभागृहापेक्षा लहान खोली बरी. उजेड भरपूर ठेवा, कारण साठीतल्या डोळ्याला विशीतल्या डोळ्याच्या जवळजवळ तिप्पट उजेड लागतो. हात टेकून उठता येईल अशा खुर्च्या आणि जवळ स्वच्छतागृह हवं. बैठक अंधार पडायच्या आत संपवा. निरोप फक्त मोबाइलच्या ग्रुपवर टाकून भागत नाही, घरी जाऊन सांगा.

फक्त म्हातारपणाबद्दलच विचारणं

बाकडी, औषधं, निवृत्तिवेतन. ज्येष्ठांचं मत एवढ्यापुरतंच घेतलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वृद्धस्नेही शहरांसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्या आठ विषयांत घरं, वाहतूक, माहिती मिळणं यांच्याबरोबर नागरी सहभाग आणि रोजगारही आहेत. त्याच वर्षी कॅनडाने तोच आराखडा खेड्यांना आणि दुर्गम वस्त्यांना लावून पाहिला. माद्रिदमध्ये २००२ साली ठरलेल्या वृद्धत्वाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कृती आराखड्यातही ग्रामविकास आणि स्थलांतर हा स्वतंत्र मुद्दा आहे. तेव्हा शाळा बंद करायची का, गायरानाचं काय करायचं, गेलेली मुलं परत येतील असं काय करता येईल, हे त्यांना विचारा. मुलं गेल्यावर मागे तेच राहिले आहेत.

हमखास येणाऱ्या अडचणी

एकच आजोबा बोलत राहतात: त्यांना अडवू नका. पाच-पाच जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला पाळीपाळीने बोलू द्या. त्या आजोबांना जुन्या वाटा दाखवायचं स्वतंत्र काम द्या.

तरुणांशी खटका उडतो: समोरासमोर बसवून वाद घालू देण्यापेक्षा त्यांना एकत्र गावफेरीला पाठवा. एकाने दाखवायचं, दुसऱ्याने लिहायचं. आमच्याकडे वितुष्ट आलेल्या दोन घरांतले आजोबा आणि नातू अशाच फेरीत पहिल्यांदा बोलले.

एकाच उत्साही ज्येष्ठावर सगळी कामं पडतात: ते दमून सोडून देईपर्यंत थांबू नका. प्रत्येक कामाला दोन माणसं नेमा आणि जाण्यायेण्याचा खर्च द्या.

"आमचं काय राहिलंय आता, तुम्हीच ठरवा" असं म्हणतात: हा नकार आहे असं समजून उठू नका. बहुतेकांना यापूर्वी कुणीतरी विचारून विसरून गेलेलं असतं. दुसऱ्यांदा जा, तिसऱ्यांदा जा.

परत न जाणं

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होतं. माणसं आपल्याला दोन तास देतात, आठवणी उकरून काढतात, आणि नंतर महिनोन्‌महिने काहीच कळत नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी एक वर्ष हा लहान काळ नसतो. महिन्याभरात परत जा. काय घेतलं, काय घेतलं नाही आणि का, हे तोंडी सांगा. नकार सांगायला संकोच वाटतो, पण कारण कळलं तर लोक तो पचवतात.

आमचा पूल वर उचलायला मंजुरी मिळाली तेव्हा ते सांगायला मी आजोबांकडे गेले. बसच्या पायरीचं काम झालं नव्हतं, तेही सांगायला आजींकडे गेले. त्या म्हणाल्या, "बरं. पण पुन्हा विचारणार आहात ना त्यांना?" मी तारीख सांगितली. त्यांनी ती कॅलेंडरवर लिहून ठेवायला लावली.